अजब बंगल्यात पहिल्यांदा जाताना

माझी लेक चार वर्षांची असताना आम्ही तिला पेंचला नेलं. पहाटे चारला उठवलं, स्वेटरवर स्वेटर चढवले, तीन तास जिप्सीत धूळ खाल्ली. शेवटी एका वळणावर बांबूत पिवळं काहीतरी हललं, शेपटी दिसली, आणि संपलं. परत येताना तिने विचारलं, "बाबा, वाघाला मिशा असतात का?" जिप्सीत सहा मोठी माणसं होती. मिशा त्यांतल्या एकालाही दिसल्या नव्हत्या.

तेव्हापासून नागपुरात बदली होऊन आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: ताडोबा-पेंचचं बुकिंग करा, जरूर करा, पण त्याआधी पोट्ट्यांना अजब बंगल्यात घेऊन जा. तिथला वाघ पळत नाही. त्याच्यासमोर अर्धा तास उभं राहून मिशा मोजता येतात.

कागदोपत्री याचं नाव मध्यवर्ती संग्रहालय. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या काळात, १८६३ मध्ये ते सुरू झालं. ऑटोवाल्याला 'मध्यवर्ती संग्रहालय' म्हणालात तर तो क्षणभर आकाशाकडे बघेल. 'अजब बंगला' म्हणा, लगेच भाव सांगेल.

दिवस कोणता

सोमवार सोडून. संग्रहालय सोमवारी बंद असतं. मी दहा वर्षं नागपुरात राहून, पुण्याहून आलेल्या साळ्याला आणि त्याच्या दोन मुलांना घेऊन, छाती पुढे काढून सोमवारीच गेलो होतो. बंद फाटकासमोर त्याने काढलेला माझा फोटो अजून त्यांच्या घरच्या ग्रुपवर फिरतो. सरकारी सुट्ट्यांचंही पाहून घ्या. वेळ आणि तिकिटाचे दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी फोनवर तपासा.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. विधानभवन इथून जवळच असल्यामुळे त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये मोर्चे, बॅरिकेड आणि वळवलेली वाहतूक असते. लहान मूल घेऊन त्यात अडकू नका. अधिवेशन संपलं की जानेवारी-फेब्रुवारीसारखे दिवस नाहीत.

मे महिन्यात जावंच लागलं, आणि पाहुण्यांच्या मुलांना सुट्टी तेव्हाच असते, तर उघडल्या उघडल्या जा आणि बाराच्या आत घरी या. पंचेचाळीस अंशांत दुपारी दोन वाजता मेट्रो स्थानकापर्यंत चालणं ही सहल नाही. दुपट्टा, पाण्याची बाटली, शक्य असेल तर थर्मासमध्ये कैरीचं पन्हं. पावसाळा मात्र उत्तम. बाहेर काहीच करता येत नाही अशा दिवशीच ही जागा खरी कामाला येते.

आदल्या रात्री

फार तयारी नको. मुलाला एकच प्रश्न निवडायला सांगा. "उद्या तुला काय बघून यायचंय?" एवढंच. माझ्या लेकीचा प्रश्न मिशांचा होता. भाच्याने विचारलं होतं की साप झोपताना डोळे मिटतो का. (मिटत नाही. सापाला पापण्याच नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. पण हे आधी सांगू नका, त्याला काचेला नाक लावून स्वतः बघू द्या.) प्रश्न घेऊन गेलेलं मूल दालनातून धावत सुटत नाही, काहीतरी शोधत फिरतं.

पिशवीत एक कोरी वही आणि दोन पेन्सिली टाका. फोटोंना परवानगी आहे का, त्याचे पैसे आहेत का, ते तिकीट खिडकीवर विचारा. परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा. प्रकाशाने पिसांचे आणि कातड्याचे रंग उडतात. जुन्या संग्रहालयांतले पक्षी फिकट दिसतात त्याला वय जितकं कारण, तितकाच प्रकाशही. आणि खरं सांगायचं तर, फोटो काढलेला प्राणी घरी कोणी परत बघत नाही. काढलेलं चित्र मात्र फ्रीजवर लागतं.

आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की सगळं बघायची सक्ती नाही. माझी आई पहिल्या वेळी 'तिकीट काढलंय तर' म्हणून प्रत्येक कपाटासमोर उभी राहिली आणि दोन दिवस गुडघा धरून बसली. आता ती शिल्पांच्या दालनाजवळ जागा बघून बसते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना मूर्तीतला देव कोणता ते विचारते.

पोचायचं कसं

मेट्रोने येत असाल तर ऑरेंज लाइनवर झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क, दोन्ही चालतील; दुसऱ्या लाइनने आलात तर सीताबर्डीला गाडी बदला. रिझर्व्ह बँकेची इमारत ही खूण धरा. झिरो माईलला उतरलात तर तो दगडी खांब आणि चार घोडे मुलांना दाखवून घ्या. मुलं 'भारताचा मध्यबिंदू' म्हणतील. तो मुळात ब्रिटिशांच्या मोजणीतला दगड आहे, पण या मुद्द्यावर नागपुरात वाद घालण्यात अर्थ नाही.

निघण्याआधी भरपेट तर्री पोहा खा. आत खायला मिळणार नाही आणि भुकेलं पोट्टं वाघाकडे बघत नाही.

आत गेल्यावर

आत बरंच आहे: प्राणी-पक्षी, शिल्पं, शिलालेख, शस्त्रं, नाणी, चित्रं, आदिवासी जीवन. पहिल्यांदा येणारा हमखास एक चूक करतो. दारापासून सुरुवात करून ओळीने बघत जातो. चौथ्या दालनापर्यंत मुलांचे पाय दुखतात, आणि ज्यासाठी आलो ते प्राणी घाईत उरकले जातात. उलटं करा. आत शिरल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, "दादा, प्राणी-पक्ष्यांचं दालन कुठे?" आणि सरळ तिकडे जा. एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद असेल तर तेही तिथेच कळेल. दीड तास पुरे. त्यातला एक तास प्राण्यांचा.

आता पहिल्या पाच मिनिटांत येणारा प्रश्न. पाच ते आठ वर्षांचं प्रत्येक मूल तो विचारतं, आणि मोठ्याने विचारतं:

"हा मेलाय का?"

"नाही रे, झोपलाय" असं म्हणू नका. उभा प्राणी झोपत नाही हे त्याला कळतं. 'पुतळा आहे' हेही खोटं. खरं उत्तर त्याहून मजेदार आहे. कातडं खरं आहे, केस खरे आहेत, बहुधा नखंही खरी. डोळे काचेचे. तोंड उघडं असेल तर जीभ आणि टाळू बनवलेले. आत हाडामांसाचा प्राणी नाही, तार, लाकूड, गवत, काथ्या, माती असं काहीबाही भरून तयार केलेला साचा आहे. आपण 'भुसा भरलेला' म्हणतो ते बोलण्यापुरतं. चांगल्या कारागिराला आधी प्राण्याचा सांगाडा आणि स्नायू ठाऊक असावे लागतात, नाहीतर वाघाचा चेहरा गाढवासारखा होतो. काही कपाटांसमोर तुम्हालाही शंका येईल की कारागिराने जिवंत प्राणी कधी पाहिला होता का. मुलांना तोच खेळ द्या: कोणाचा चेहरा जमलाय, कोणाचा बिघडलाय?

हात मात्र कशालाच लावू द्यायचा नाही. नियम आहे म्हणून नव्हे फक्त. जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक मिसळलेला साबण चोळत. दीडशे वर्षांच्या संग्रहातल्या कोणत्या प्राण्यात ते आहे आणि कोणत्यात नाही हे बाहेरून कळत नाही. काचेला नाक लावा, आणि घरी आल्यावर हात-तोंड धुवा.

काय बघायचं, जवळून

वाघापासून सुरुवात होणारच. नुसतं 'केवढा मोठा!' म्हणून पुढे सरकू नका. डोळ्यातली बाहुली बघा. घरच्या मांजराची बाहुली उन्हात उभी फट होते, वाघाची गोल असते. कारागिराने काचेचा डोळा गोल बाहुलीचा बसवलाय का, ते तपासा. मग बाजूला जाऊन कानाची मागची बाजू बघा. काळ्या कानावर एक पांढरा ठिपका असतो. जंगलात वाघ पाठमोरा चालला की तेवढाच ठिपका चमकतो. पेंचच्या गाइडने तो आम्हाला दाखवायचा प्रयत्न केला होता, पण आम्ही सगळे पट्टे शोधत होतो.

आणि मिशा. वाघाच्या मिशा विषारी असतात असा समज आपल्याकडे फार जुना आहे, त्यामुळे शिकारीनंतर त्या उपटून गायब व्हायच्या. म्हणून जुन्या वाघाच्या ओठावर मिशा कमी दिसल्या तर तो कारागिराचाच दोष असेल असं नाही. लेकीने त्या दिवशी एका बाजूच्या मोजल्या, वहीत आकडा लिहिला, आणि पुढचा आठवडाभर शेजारच्या मांजराच्या मागे लागली.

बिबट्या असेल तिथे मुलांना ठिपके काढायला लावा. भरीव ठिपके काढले की पुन्हा बघायला सांगा. बिबट्याचा ठिपका मधून पोकळ असतो, चार-पाच बोटं काळ्या रंगात बुडवून एकत्र टेकवल्यासारखा. भरीव ठिपक्यांचा आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असलेला तो चित्ता. टीव्हीवर दोघांची गल्लत रोज होते.

पण मला विचाराल तर खरा वेळ द्यावा शिंगांना. मुलांना दोन गट करायला सांगा. एका गटात सांबर आणि चितळ: फांद्या फुटलेली शिंगं. दुसऱ्या गटात गवा, नीलगाय, काळवीट: फांदी नसलेली, सरळ, वाकडी किंवा पिळदार. पहिल्या गटाची शिंगं भरीव हाडाची, फक्त नराला येतात आणि दरवर्षी गळून नवी फुटतात. नवी फुटताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. दुसऱ्या गटाची शिंगं म्हणजे आतलं हाड आणि त्यावर आपल्या नखासारखं कवच, ती जन्मभर टिकतात. हे एकदा कळलं की जंगलात जमिनीवर पडलेलं शिंग कोणाचं असू शकतं आणि कोणाचं नाही, हे सात वर्षांचं मूलही सांगतं. मधेच चौसिंगा दिसला तर थांबा. चार शिंगांचा हा एकच रानटी प्राणी, तोही आपल्या विदर्भातल्या जंगलांत आहे, आणि वाघाच्या नादात त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

अस्वल असेल आणि तोंड उघडं असेल तर वरचे पुढचे दात बघा. आपल्याकडच्या अस्वलाला मधले दोन दात नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. भाच्याचे तेव्हा नेमके पुढचे दोन दात पडले होते. त्याने आरशात बघून सराव केला.

पाटी वाचा, कंटाळवाणी असली तरी

पक्ष्यांच्या कपाटांसमोर मुलं लवकर कंटाळतात. पन्नास करडे-तपकिरी पक्षी ओळीने. इथे एक गोष्ट सांगा, खरी आहे.

रानपिंगळा नावाचं एक लहान घुबड. १८७३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. १८८४ नंतर तो कोणाला मिळालाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची मोजकी सात-आठ कातडी उरली होती. त्यांतल्या एकावर पाटी होती: गुजरात, १९१४. ती लावली होती रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. त्या पाटीमुळे लोक गुजरातेत शोधत राहिले आणि हात हलवत परतले. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेने ते कातडं बारकाईने तपासलं, आतलं शिवणकाम, भरलेला कापूस, सगळं. निघालं असं की ते दुसऱ्या संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोटी पाटी लावलेलं होतं. गुजरातचं नाव यादीतून कटलं. राहिलेल्या खऱ्या पाट्यांवरची गावं धरून तिने आणि तिच्या सोबत्यांनी शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला.

एवढं सांगितलं की मुलं पाट्या वाचतात. 'गाव लिहिलंय का? साल लिहिलंय का?' असा खेळ सुरू होतो. ज्या पाटीवर दोन्ही नाहीत ती त्यांच्या लेखी संशयित. भाच्याने त्या दिवशी तीन पक्ष्यांवर खटला भरला होता.

उरलेला अर्धा तास

शिल्पं, नाणी, शस्त्रं यांतलं एक निवडा. माझी शिफारस पुरातत्त्वाच्या दालनात गुंगेरियाचं तांबं शोधायची. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून वर आलेलं काहीतरी दिसलं, त्यांनी ते ओढलं. पुढे खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीच्या १०२ चकत्या निघाल्या. बराचसा माल लंडनला गेला, काही नग नागपूरच्या वाट्याला आले. आपल्याच वयाच्या मुलांनी शोधलंय म्हटलं की कुऱ्हाडीसारख्या दिसणाऱ्या त्या हिरवट पत्र्यांनाही भाव येतो.

शस्त्रांच्या दालनात मुलं आपणहून रमतात. तिथे तुम्ही काही सांगायची गरज नाही. बसा.

दुसरी खेप

त्याच दिवशी महाराजबागेत जिवंत प्राणी दाखवायचा मोह होईल. जवळच आहे, १८९४ पासून आहे. पण एका दिवसात दोन्ही नको. मुलं दमतात, आणि मग दोन्हींतलं काही लक्षात राहत नाही. गोरेवाड्याचं प्राणी उद्यान तर अख्ख्या दिवसाचं काम.

डायनासोरचं वेड असलेलं मूल घरात असेल तर वेगळा रविवार काढून रमण विज्ञान केंद्रात जा, शुक्रवारी तलावाजवळ. तिथल्या बागेत प्राचीन प्राण्यांच्या मोठाल्या प्रतिकृती आहेत. प्रतिकृती म्हणजे सिमेंट-फायबरचे, हाडांचे नव्हेत, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर फसवलं म्हणून रडारड होते.

खरे जीवाश्म आणि दगड बघायचे तर सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे. ते सरकारी कार्यालयाच्या आवारात आहे, म्हणून कामाच्या दिवशी, आधी फोन करून, ओळखपत्र खिशात ठेवूनच जा. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना ते जास्त रुचतं. न्यायच्या आधी त्यांना स्टीफन हिस्लॉपची गोष्ट सांगा. हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाने आहे तोच. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि फावल्या वेळात दगड फोडत हिंडू लागला. टाकळीच्या दगडांत त्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया आणि भुंग्यांचे पंख सापडले, सगळे दगड झालेले. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. एक थर निवला की त्यावर तळी साचायची, तळ्यांत जीव वाढायचे, आणि पुढचा थर सगळं झाकून टाकायचा. त्या दोन थरांच्या मधलं तळं हिस्लॉपला सापडलं होतं. १८६३ मध्ये, म्हणजे अजब बंगला सुरू झाला त्याच वर्षी, टाकळघाटची प्राचीन काळी रचलेली दगडी वर्तुळं बघून परतताना तो रात्री नाल्याच्या पुरात बुडाला. त्याचे कागद पुढे टेंपलसाहेबांनीच छापून आणले.

टाकळी आता शहरातच आहे. सेमिनरी हिल्सहून घरी जाताना ऑटोवाल्याला गिट्टीखदानवरून घ्यायला सांगा आणि मुलांना विचारा, या भागाला हे नाव का पडलं असेल. आमच्या भाच्याने उत्तर दिलं नाही. त्याने ऑटो थांबवायला लावला, रस्त्याच्या कडेची काळी गिट्टी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "मामा, यात गोगलगाय नाहीये. दुसरी घेऊ?" आम्ही एकूण अकरा दगड घरी आणले. ऑटोवाल्याने थांबायचे वीस रुपये जास्त घेतले.